गोल की विळा

मे महिन्यात नागपुरात शिबिर घेऊ नये कुणी.
पण मशीन मागून आणलेलं, महिन्याच्या बोलीवर,
म्हणून आम्ही अकरा जण
पॅथॉलॉजीच्या मागच्या खोलीत खुर्च्या ओढून बसलो.
माणसापेक्षा मशीनला गार वारा जास्त लागतो,
हे पहिल्याच दिवशी शिकलो.
कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलं.

शिकवायला झेबा. कामठीची,
माझ्या लेकीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी.
"मॅडम, मॅट्रिक्सला काय भ्यायचं?
उभे धागे, आडवे धागे.
आमच्या दादाजींच्या मागावर होते तेच."
मी एकोणीस वर्षं रक्त पाहते आहे.
उभ्या-आडव्या धाग्यांत रक्त कुठं बसतं
ते मला दिसेना.
एक कंस सुटला की प्रोग्राम रुसायचा जावयासारखा,
आणि का रुसला ते
लाल अक्षरांत, इंग्रजीतून, अर्धंच सांगायचा.

गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसतात आमच्या.
तरी दुपारी लाइट गेली,
एकतिसाव्या फेरीवर,
आणि मशीन तीस फेऱ्या विसरलं.

चौथ्या दिवशी तयार मॉडेल उतरवलं.
लांबच्या कुठल्याशा देशात
स्वच्छ काचांवर शिकलेलं.
त्याच्यापुढे मांडल्या आमच्या स्लाइडी:
गडचिरोलीहून एसटीच्या डिक्कीतून आलेल्या,
बोअरच्या जड पाण्यात धुतलेल्या,
कडेला रंगाचे दाणे साचलेल्या.
त्यानं दाण्यांना विळा म्हटलं.
आणि भामरागडच्या एका पोरीच्या रक्तातल्या
खऱ्याखुऱ्या विळ्यांना
'निरोगी' म्हणालं,
सत्त्याण्णव टक्के खात्रीनं.

कुणी बोललं नाही. कूलर बोलत राहिला.

यादीत अकरावं नाव होतं पेन्सिलीनं लिहिलेलं:
सुखदेव नैताम, टेक्निशियन,
निवृत्तीला सात महिने.
ते शेवटच्या खुर्चीवरून म्हणाले,
"याले आपलं रक्त दाखोलंच नाही ना कोनं.
मंग ते बिचारं काय सांगन?"

त्या संध्याकाळपासून शिबिराचं वेळापत्रक
कुणी पाळलं नाही.
काका मायक्रोस्कोपला डोळा लावून,
आम्ही पाळीपाळीनं किल्ल्यांवर.
ग म्हणजे गोल. व म्हणजे विळा.
ग, ग, ग, व, ग, ग.
रात्री घरी कणीक मळताना
माझी बोटं तेच दाबत होती.

दोन हजार पेशींनंतर कुठंतरी काका अडले.
"लिहू नका. थांबा जरासक."
मी किल्ली शोधत राहिले.
थांबण्याची किल्ली नव्हती.
झेबानं चहा खाली ठेवला, खुर्ची जवळ ओढली
आणि तिथल्या तिथं तिसरी किल्ली बसवली: थ.
"पहिल्याच दिवशी ठेवायला हवी होती," म्हणाली,
स्वतःशीच, उर्दूत.

एका स्लाइडीवर काकांनी डोळा काढलाच नाही.
"माह्या भावाचं असंच असन.
तवा डाक्टर वात म्हनले. तेलानं चोळून देत होतो मी."
इतकंच.
मग म्हणाले, "व."
मी व दाबला.

शेवटच्या आठवड्यात आमचं मॉडेल चाललं.
शंभरात एक्क्याऐंशी बरोबर.
उरलेल्या एकोणिसांवर आमचं भांडण झालं,
आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मी
माझ्याच जुन्या रिपोर्टांची फाइल काढून
स्वतःच्या सहीकडे संशयानं पाहिलं.

उद्या टेम्पो येईल, मशीन परत जाईल.
पेशी सगळ्या एका डिस्कवर,
डिस्क स्लाइडींच्या लाकडी पेटीत,
पेटीवर काकांची पेन्सिल: तारीख, आकडा, 'उघडी ठेवू नये'.

आज शेवटची स्लाइड दिली.
मशीन एका पेशीपाशी आलं
आणि पडद्यावर उमटलं: थ.
काकांनी चष्मा कपाळावर सारला,
नळीला डोळा लावला,
बारीक चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.
आम्ही वाट पाहत होतो.
"बराबर आहे," म्हणाले. "मलेही समजून नाही राहिलं."

रात्रीचे नऊ. बाहेर अजून एक्केचाळीस.